आईच्या डोळ्यासाठी पातं

भिंगरीचे वडील म्हणायचे, धार दिसली की समजावं, धार नाही.

ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा कोड्यात बोलतोय. पण त्यात कोडं असं काही नव्हतं. पातं दिव्याखाली धरायचं, घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावायचं आणि पातं सावकाश फिरवत जायचं. धार जिथं बोथट असते तिथं ती किंचित सपाट असते. सपाट जागेवर उजेड बसतो आणि केसाएवढी पांढरी रेघ चमकते. खऱ्या धारेवर उजेडाला टेकायलाही जागा नसते, म्हणून तिथं काहीच दिसत नाही. "काहीच दिसेनासं होईस्तोवर घासायचं," ते म्हणायचे, "आणि मग हात आवरायचा. हात आवरणं घासण्याहून कठीण."

डोळ्याच्या ऑपरेशनला लागणारी पाती करणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी एक जाड लाकडी टेबल, त्यावर पायानं फिरवायचं सहाणेचं चाक, तेल प्यायलेले तीन दगड, काचेचा एक तुकडा आणि मान वाकवता येणारा पितळी दिवा. पाती नाना तऱ्हेची असत. काही भाल्याच्या टोकासारखी, काही गवताच्या पात्यासारखी. पण त्यांचा जीव होता गोल पात्यावर. अंगठीहून लहान, नळीचा तुकडाच म्हणा ना, आणि त्याच्या खालच्या कडेला धार. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा खराब झाला की डॉक्टर हे पातं त्यावर टेकवतात, चिमटीत फिरवतात आणि शर्टाच्या बटणाएवढी चकती कापून काढतात. तिच्या जागी, जाताना डोळे देऊन गेलेल्या कुणाची तरी तेवढीच निर्मळ चकती शिवतात. पात्यात खोट असली तर कड फाटते. फाटक्या कडेवर टाका नीट बसत नाही आणि पेशंटला जग वेडंवाकडं दिसतं. "चौकोनाला चार बाजू असतात, एखादी चुकली तर तीन उरतात," वडील म्हणायचे. "गोलाला एकच. चुकला की सगळाच चुकला."

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिची नजर अशी तीक्ष्ण होती की भिंगाशिवायही तिला पात्यावरची रेघ दिसायची, म्हणून भिंगावरून भिंगरी. वडिलांनी पातं पुढं करायचं, तिनं एका रिकाम्या खोक्यावर चढून दिव्याशी नाक न्यायचं.

"दिसलं?"

"दिसलं."

"कुठं?"

"इथं. आणि इथं पण थोडंसं."

"मेलीस तू. माझा सकाळपासूनचा खेळ मोडलास." असं म्हणून ते पातं पुन्हा दगडावर घ्यायचे आणि आत ओरडून सांगायचे, "अगं ऐकलंस का, तुझी भिंगरी आज पण जेवू देत नाही मला!" आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "जगाच्या डोळ्यांना धार लावता, आणि माझ्या सुरीनं टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. त्याला म्हणतात दिव्याखाली अंधार!" वडील हसून म्हणायचे, "तुझा टोमॅटो कुठं ऑपरेशनला चाललाय?"

तरी आईही त्या धंद्यात पुरती मुरलेली होती. शेवटची परीक्षा तिच्या हातात असे. शेळीच्या करडाचं पातळ कातडं ओलं करून ती भरतकामाच्या लाकडी फ्रेममध्ये ताणून बसवायची, त्यावर पातं टेकवायची आणि डोळे मिटून फिरवायची. चांगलं पातं मुकाट आत उतरतं. वाईट पातं कुरकुरतं. मग ती कापलेली चकती अंगठ्यावर घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवायची. कडेला लव लागली की पातं नापास. त्यांची नजर आणि हिचे कान, अशा दोन चाळण्यांतून गेल्यावरच पातं कापसात गुंडाळून डबीत जायचं. भिंगरीला स्थळं येऊ लागली तेव्हाही वडिलांनी चहाच्या वेळी विचारलं होतं, "पोरगा दिव्याखाली फिरवून बघितला का?" आणि आईनं तितक्याच गंभीरपणे सांगितलं होतं, "मी कातड्यावर टेकवला. थोडा कुरकुरतो."

त्या कुरकुरणाऱ्याशीच तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. खोट शोधायची सवय अशी पोटापाण्याला उपयोगी पडली. इकडे दवाखान्यांतून कारखान्यात बनलेली, एकदा वापरून टाकून द्यायची पाती येऊ लागली. वडिलांची गिऱ्हाईकं एकेक करत सुटली. उरल्या त्या फक्त एक डॉक्टरीणबाई, ज्या त्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि अजून त्यांची गोल पाती मागवत.

मग आईच्या डोळ्याचं झालं. चहा घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि सहाणेवरून उडालेला पोलादाचा कण तिच्या उजव्या डोळ्यात गेला. कण निघाला, पण जखम चिघळली आणि बरी होता होता डोळ्यात फूल पडलं. डावा डोळा लहानपणापासूनच नावापुरता होता. पाहणारा डोळाच असा झाकोळला. वडिलांनी त्यानंतर तिला मागच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. कातड्याची परीक्षाही बंद केली. "राहू दे," ते म्हणाले, "तुला त्रास नको. माझं भिंग आहे ना." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पडदा बदलता येईल, नंबर लागेल तेव्हा बोलावू. त्या दिवशी घरी येतानाच वडिलांनी जाहीर केलं होतं की हिच्या डोळ्याला जे पातं लागेल ते माझ्याच हातचं.

त्या पात्यासाठी ते किती दिवस खपले ते आईलाच ठाऊक. शेवटी त्यांनी ते कापसात ठेवलं आणि फोनवर भिंगरीला म्हणाले, "असं पातं जन्मात झालं नव्हतं माझ्या हातून. कुठंही रेघ नाही बघ. म्हातारपणी हात बसला!" पुढं थोड्याच दिवसांनी, दुपारचं जेवून ते पडले ते उठलेच नाहीत.

ही सगळी मागची कहाणी. पुढची सुरू झाली ती एका सकाळी, दवाखान्यातून फोन आला तेव्हा. डोळा मिळाला आहे, उद्या ऑपरेशन, तेव्हा आजच येऊन कागदपत्रं करून जा. भिंगरी आईच्या सोबतीसाठी येऊन राहिलीच होती. आई पलंगावर टुणकन उठून बसली.

"कपाटातली डबी काढ. वरच्या कप्प्यातली, निळ्या झाकणाची. आजच नेऊन दे. त्यांना ते उकळायचं-बिकळायचं असेल."

"आई, तिथं त्यांची पाती असतात ग. बंद पाकिटातली."

"असू देत की! मी डॉक्टरीणबाईंना केव्हाच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, चालेल. दुसरं पातं मी डोळ्याला लावून घेणार नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि पुसून दे. बाबांनी तेल लावून ठेवलं असेल."

पुसण्यासाठी म्हणून भिंगरी मागच्या खोलीत गेली. टेबल होतं तसंच होतं. तेलाचा जुना, जरासा कडवट वास आला आणि ती क्षणभर दारातच थांबली. मग खुर्चीवर बसली, दिवा लावला आणि डोळे दिपून तिनं मान फिरवली. पितळी दिव्यात एवढा मोठा बल्ब कुणी बसवला? पूर्वी तर तिथं मिणमिणता दिवा असायचा. जास्त उजेडानं पातं खोटं बोलतं म्हणायचे ते.

डबीतून पातं काढलं, तेल पुसलं. तेवढ्यावर ठेवून द्यायचं, पण हाताला जुनी सवय. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि पातं उजेडात फिरवलं.

पांढरी रेघ दिसली.

तिला वाटलं, तेल राहिलं असेल. पुन्हा पुसलं. रेघ होतीच. आणखी फिरवलं तर ती संपेचना. सबंध कडेवरून फिरून रेघ पुन्हा जिथून निघाली तिथं आली, आणि मध्ये एके ठिकाणी उंदरानं कुरतडावं तसा बारीकसा टवकाही होता. तिनं चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मग खण उघडून अलीकडची आणखी पाती काढली. ज्याला हात लावावा त्याच्यावर रेघ. शेवटी खणाच्या तळाशी, कापूस पिवळा पडलेलं एक जुनं पातं मिळालं. ते तिनं दिव्याखाली धरलं आणि फिरवत राहिली. त्याच्या कडेला फक्त काळोख होता.

तिनं भिंग खाली ठेवलं.

तो मोठा बल्ब आता तिला समजला. "हल्ली बल्बसुद्धा पूर्वीसारखे येत नाहीत," असं ते म्हणायला लागले होते. पेपराची छपाई बिघडलीय, तुमच्या छापखानेवाल्यांना शाई परवडत नाही का, असं तिला फोनवर चिडवायचे. डोळे तपासून घ्या म्हटलं की म्हणायचे, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" जन्मभर डोळे कापायची पाती केलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्याजवळ पातं आलेलं नको होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर सगळे हसत.

दुसरा एखादा कारागीर असता तर नजर मंदावताच त्याला कळलं असतं. सुताराला रेघ दिसेनाशी झाली की करवत चुकते, शिंप्याला सुईचं भोक सापडत नाही. पण यांची कसोटीच उलटी. काही दिसलं नाही म्हणजे जमलं. डोळ्यांवर धुकं चढत गेलं तशी रेघ पुसट झाली, मग नाहीशी झाली, आणि त्यांना वाटलं, म्हातारपणी हात बसला. जसजसं दिसेनासं झालं तसतसं काम सुधारत गेलं. ते खोटं बोलत नव्हते. ते फार आनंदात होते.

आणि जिनं कातडं ताणून कुरकुर ऐकली असती, तिला त्यांनी स्वतःच दाराबाहेर ठेवलं होतं.

"मिळालं का ग?" आईनं बाहेरून विचारलं.

"मिळालं," भिंगरी म्हणाली. तिनं डबी पिशवीत टाकली आणि दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी डबी उघडली, पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, पाहिलं, आणि बराच वेळ डोळा वर उचलला नाही. बघून कधीच झालं असणार, पण काय बोलावं हे ठरत नसणार.

"मी पाहिलंय," भिंगरी म्हणाली.

"हं." त्यांनी मान वर केली. "तुम्ही मिस्त्रींची मुलगी. तुम्हाला दिसणारच."

"मला एकच सांगा. अशी पाती अजून कुणाच्या..."

"नाही. एकही नाही. इथं प्रत्येक पातं आधी या काचेखाली जातं. शेवटच्या काळातली त्यांची मी वापरलीच नाहीत. दुसरी घेतली."

भिंगरी तेव्हा कुठं समोरच्या खुर्चीत बसली. मग तिच्या मनात आलं ते तिनं तसंच विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

डॉक्टरीणबाई टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिल्या. "यायचे, बसायचे, म्हणायचे, बघा हो, आता खरा हात बसला. जीभच रेटली नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं मन का मोडा."

"मोतीबिंदूच होता ना?"

"बाहेरूनसुद्धा दिसत होता."

"काढता आला असता?"

पेन्सिल पुन्हा वाकडी झाली होती. ती सरळ करत हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "आईंना सांगू नका. मी माझं पातं वापरते, त्यांना म्हणू मिस्त्रींचंच वापरलं. डोळ्यावर झाकण, भूल दिलेली, त्यांना काय कळणार आहे? त्या खुशीत टेबलावर झोपतील. डोळ्यालाही ते बरं असतं."

"विचार करते," भिंगरी म्हणाली. डबी तिनं पिशवीत परत ठेवली आणि ती वाटेला लागली. वाटभर तिला ते पटतच गेलं. एवढीशी थाप, तीही देवाघरी गेलेल्या माणसाच्या अब्रूसाठी. त्यात नुकसान कुणाचं?

आई खिडकीशी खुर्ची ओढून वाटच पाहत बसली होती.

"दिलंस? काय म्हणाल्या?"

"ठेवून घेतलं," भिंगरी म्हणाली.

"बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

"आणि?"

"म्हणाल्या... असं पातं बघितलं नाही."

आईनं हात जोडून मांडीवर ठेवले आणि ती अशी हसली की भिंगरीला तिच्याकडे बघवेना. सुटकेस भरायच्या निमित्तानं ती उठली, तशी आई बोलायलाच लागली.

"तुला सांगते, शेवटी शेवटी माणूस किती निवळला होता! नाहीतर आधी, आठवतंय ना? चादरीला सुरकुती दिसली की खोट, कपाला डाग दिसला की खोट. बाहेर निघताना माझ्याकडे असं बघायचे, जशी मी दिव्याखाली धरलीय. आणि ही शेवटची दोन-तीन वर्षं? एका शब्दानं नाव ठेवलं नाही कशाला. कप तसाच दिला तरी, वा, काय लख्ख आहे. एकदा तर..." ती थांबली आणि लाजल्यासारखी पदराशी चाळा करू लागली. "जाऊ दे. लेकीला काय सांगायचं."

"सांग ना."

"मी म्हटलं, माझ्याकडे काय बघताय, माझं काय राहिलंय आता बघण्यासारखं. तर म्हणतात, तू म्हातारी झालीच नाहीस ग. लग्नात होतीस तशीच आहेस, एक रेघ नाही चेहऱ्यावर. म्हटलं, इश्श! पण खरं सांगू, या वयात कुणी असं बोललं ना, की चार दिवस पाय जमिनीला लागत नाहीत."

भिंगरीच्या हातात आईचा टॉवेल होता. त्याची घडी तिनं मोडली, पुन्हा घातली. थाप आता तिला एवढीशी वाटेना. एका पात्याची गोष्ट उरलीच नव्हती. सगळे असेच गप्प राहिले होते, डॉक्टरीणबाई मायेनं गप्प राहिल्या, आपण हसण्यावारी नेऊन गप्प राहिलो, आणि तो माणूस धुक्यात बसून खुशीनं पोलाद घासत राहिला. आता आईलाही तिथंच बसवायचं? उद्या डोळा उघडल्यावर तिला काय काय दिसेल, आणि त्यातलं खरं तिला कोण सांगेल?

आणि खरं सांगितलं तर पात्यासोबत ते लग्नातल्यासारखं दिसणंही जाणार होतं.

"आई," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. डबी माझ्याकडेच आहे."

"म्हणजे?"

"पातं नापास आहे."

आईचा चेहरा कडक झाला. "कोण म्हणतं? ती डॉक्टरीण?"

"मी म्हणते. सबंध कडेला रेघ आहे. एक टवकाही आहे."

"तुला आता चष्मा लागलाय. तुझ्या नजरेचं काय सांगतेस! त्यांनी स्वतः बघितलं होतं. दहादा बघितलं होतं!"

"त्यांना दिसतच नव्हतं, आई."

आई पुढं बोलायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं. मग तिनं ते मिटलं.

"कातडं आण," आई म्हणाली. "माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असेल. आणि भरतकामाची फ्रेम. पाणी कोमट हवं."

एवढ्या वर्षांनी आई मागच्या खोलीत आली, दाराची चौकट चाचपत. खुर्चीवर बसली. कातडं वाळून पानासारखं झालं होतं; ते भिजायला वेळ लागला. आईनं ते फ्रेममध्ये घातलं, कडा ओढल्या, नखानं टिचकी मारून पाहिली, पुन्हा ओढलं. डोळ्यांची तिला गरज लागली नाही. भिंगरीनं पातं तिच्या चिमटीत दिलं. आईनं ते टेकवलं, सवयीनं डोळे मिटले आणि फिरवलं.

कर्र, असा आवाज आला. अगदी बारीक. पण खोलीत दुसरं काही वाजत नव्हतं.

आईनं थांबून पुन्हा फिरवलं. पुन्हा कर्र. चकती निघाली ती तिनं अंगठ्यावर घेतली आणि कडेवरून बोट फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. भिंगरी मान खाली घालून उभी होती. आता आई रडेल, असं तिला वाटलं.

"म्हणजे," आई शेवटी म्हणाली, "मी म्हातारी झालेय तर."

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग भिंगरीलाही राहवेना. दोघी त्या तेलकट टेबलापाशी पोट धरून हसत राहिल्या. "आणि मी वेडी! आरशात दिसत नाही म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला!" आई मधेच म्हणाली. "एकाला फूल, एकाला मोतीबिंदू. काय पण जोडी! कपसुद्धा घाणच असणार ग सगळे!"

"होते," भिंगरी म्हणाली. "मी आल्या आल्या घासले."

"बोलली नाहीस ती!"

मग हसणं कधी ओसरलं ते कळलं नाही. आईनं पदरानं डोळे टिपले, आणि टिपतच राहिली.

"मला आत येऊ द्यायचं होतं त्यांनी," ती म्हणाली. "पहिल्याच पात्याला मी सांगितलं असतं. रागावले असते, चार दिवस बोलले नसते. पण डोळे तरी दाखवले असते. मला त्रास नको म्हणून... अहो, मला कसला आलाय त्रास?" हे शेवटचं भिंगरीला नव्हतं. ते समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून होतं.

भिंगरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पदर खाली सोडून आईनं विचारलं, "पकड कुठाय?"

"कशाला?"

"नापास पातं मोडायचं असतं. नाहीतर कुणीतरी चुकून उचलतं. ते स्वतः मोडायचे, तुझ्यासमोर कधी मोडलं नसेल. त्यांना आवडायचं नाही कुणी बघितलेलं."

"राहू दे ना आई हे एक. त्यांच्या हातचं शेवटचं आहे. आठवण म्हणून ठेवू."

"आठवण म्हणून ही खोट ठेवू? त्या खणात तळाशी चांगलं एखादं असेल, ते ठेव." तिनं हात पुढं केला. "दे पकड. त्यांनी बघितलं असतं तर त्यांनीच मोडलं असतं की नाही, सांग?"

भिंगरीनं पकड दिली. आईनं पातं पकडीच्या तोंडात धरलं, दोन्ही हातांनी आवळलं. कडक पोलाद; सुपारी फुटावी तसं फुटलं. तुकडे तिनं कापसात गोळा केले, डबीत ठेवले, झाकण लावलं, आणि डबी काही वेळ ओंजळीत धरून बसली.

"उद्या त्यांचं पाकिटातलं वापरू देत," ती म्हणाली. "चल, खायला घाल काहीतरी. उद्या उपाशी जायचंय ना मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या लांब, फिनेलचा वास येणाऱ्या व्हरांड्यात आई हिरवा झगा घालून चाकाच्या खुर्चीत बसली होती. कपाळावर उजव्या भुवईच्या वर कुणीतरी शाईनं बाण काढला होता, डोळा चुकू नये म्हणून. डॉक्टरीणबाई टोपी घालून बाहेर आल्या, भिंगरीकडे एकदा पाहिलं आणि आईच्या शेजारी वाकून, ठरवून आणलेल्या आवाजात म्हणाल्या, "काय आई, तयार? मिस्त्रींचं पातं..."

"ते मोडलं," आई म्हणाली. "नापास होतं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही त्यांना बोलला नाहीत."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं."

"चुकलंच. ते मी डोळा बरा झाल्यावर बोलेन, सावकाश. आत्ता तुमच्या हातात सुरी असणार आहे." आईनं खुर्चीचा दांडा धरून मान जरा वर केली. "तुमचं ते पाकिटातलं. ते काचेखाली बघितलंत?"

"बघितलं."

"कुणी?"

"मी स्वतः."

"काही दिसलं नाही?"

"काही नाही. अगदी स्वच्छ."

"ते ऐकलंय मी पुष्कळ," आई म्हणाली. "तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले?"

खुर्ची ढकलायला आलेली नर्स हसू दाबायला भिंतीकडे वळली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सरळ उभ्या राहिल्या, शाळेत फळ्यापाशी उभं राहावं तशा.

"गेल्या महिन्यात. दोन्ही चांगले आहेत."

"तपासले कुणी? तुम्हीच नाही ना?"

"नाही हो. माझ्या हाताखालची एक मुलगी आहे. फार खोट काढते कशातही."

"मग तिला सोडू नका," आई म्हणाली आणि पाय खुर्चीच्या पट्टीवर नीट ठेवले. "चला."

खुर्ची आत गेली. दार दोन्ही बाजूंना झुलत राहिलं आणि हळूहळू थांबलं. भिंगरी बाकावर बसली. पिशवी तिनं मांडीवर घेतली, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तिला मोकळं, मोठ्यानं, कुणी आलं-गेलं न बघता रडायला आलं.